हलका क्लच

मोहिनी कुलथे तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आली, तेव्हा रंगनाथ गायधनीला पहिल्यांदा वाटलं की खोट गाडीत नसावी.

गाडी मॉरिस मायनर, छप्पन सालची, राखाडी रंगाची. मोहिनीच्या वडिलांची. वडिलांचं पंचवटीत चष्म्यांचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान आणि गाडी दोन्ही तिनं चालवायला घेतली. लग्न केलं नव्हतं. वय पंचेचाळीसच्या आसपास. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी ती भिंगांची पेटी, आरसा आणि घडीचं टेबल मागच्या सीटवर टाकायची आणि घाट ओलांडून हरसूलला जायची. तिथं चिमणाबाई नावाच्या एका बाईचं चहाचं छप्पर होतं. त्याच्या कोपऱ्यात बसून ती लोकांचे डोळे तपासायची आणि पुढच्या बाजाराला चष्मे बनवून न्यायची. बारा वर्षं हे चाललं होतं, आणि या बारा वर्षांत त्या गाडीला रंगनाथशिवाय दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला नव्हता. मालेगाव स्टँडजवळच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको सिंधुबाई राहायची.

"क्लच पुन्हा जड झालाय, रंगनाथभाऊ," मोहिनी म्हणाली.

हे नव्याण्णव सालच्या जानेवारीतलं. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा आली तेव्हा त्यानं ग्रीस भरलं होतं. दुसऱ्यांदा आली तेव्हा खालचे झिजलेले बुश बदलले होते. या गाडीला क्लचचं पेडल थेट जमिनीतून खाली जातं आणि तिथून दोन लोखंडी दांडे आणि एक आडवा रॉड मिळून क्लच ओढतात. सगळं पायाच्या ताकदीवर. रंगनाथ सीटवर बसला आणि त्यानं पेडल दाबून पाहिलं. पेडल ठीक होतं. दिवाळीपेक्षा हलकंच होतं.

उतरताना त्याची नजर तिच्या चपलांकडे गेली. डाव्या चपलेचं टोक घासून पार गेलं होतं. उजवी नव्यासारखी होती.

फडक्याला हात पुसत उभा राहिला. मोहिनीनं त्याची नजर पाहिली होती.

"पाय आहे," ती म्हणाली. "गाडी नाही. मला माहीत होतं, पण तुमच्याकडून ऐकायचं होतं की गाडीच आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तीनदा तपासलं होतं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा वाळत चालल्या होत्या. औषध नव्हतं. आधी डावा पाय, मग उजवा, मग हात, असं सगळं जाणार होतं. किती दिवसांत, ते कोणी नक्की सांगत नव्हतं. हे ती चष्म्याचा नंबर सांगावा तशा आवाजात सांगत होती.

"ड्रायव्हर ठेवा, ताई."

"ड्रायव्हर ठेवला की कुठं जायचं ते शेखर ठरवणार." शेखर तिचा धाकटा भाऊ. "आणि पेटी घेऊन एसटीत चढता येत नाही मला आता. रंगनाथभाऊ, ब्रेक तेलावर चालतो ना? मग क्लच का नाही चालवता येत?"

रंगनाथनं जरा विचार केला. नव्या गाड्यांत तसा क्लच असतोच. पेडल एका छोट्या सिलिंडरमधलं तेल दाबतं, ते तेल नळीतून गिअरबॉक्सजवळच्या दुसऱ्या सिलिंडरला ढकलतं, आणि तो क्लच सोडवतो. वरचा सिलिंडर बारीक आणि खालचा जाड ठेवला, तर पायाला जोर कमी लागतो. या गाडीला ते कोणी बसवलेलं त्याच्या पाहण्यात नव्हतं, पण बसणार नाही असंही काही नव्हतं. त्यानं खडूनं फरशीवर आकृती काढून तिला दाखवली.

"किती किलो लागतील दाबायला?" तिनं विचारलं.

असा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

"मी रोज सकाळी वजनकाट्यावर डावा पाय दाबून बघते," ती म्हणाली. "काटा भिंतीला टेकवायचा, खुर्चीत बसायचं आणि दाबायचं. आज चौदा किलो आले. महिन्यापूर्वी सतरा होते."

रंगनाथनं स्प्रिंगचा काटा लावून पेडल मोजलं. तेरा भरलं. म्हणजे घाटात दर वळणाला ती पायातली होती नव्हती तेवढी ताकद लावत होती.

"नवं पाच-सहात बसवतो," तो म्हणाला.

"मार्चपर्यंत झालं तरी चालेल. माझं गणित आहे तसं."

गाडी ठेवून ती रिक्षानं गेली.

त्याच आठवड्यात रंगनाथनं जुने दांडे खोलले. एका जुन्या जीपचे दोन्ही सिलिंडर त्याला मालेगावच्या भंगारात मिळाले. आतून चकचकीत होते, फक्त रबराची सीलं गेली होती. ती त्यानं मुंबईहून कुरिअरनं मागवली. दरम्यान वरच्या सिलिंडरसाठी पट्टी कापून, वाकवून, वेल्डिंग करून घेतली, तेलाची डबी बॉनेटखाली बसवली, तांब्याची नळी वळवून चासीच्या कडेनं नेली. कित्येक वर्षांत असं काम हाती आलं नव्हतं. जेवताना तो सिंधुबाईला नळीच्या वळणाबद्दल सांगत बसायचा.

महिना संपता संपता शेखर आला. एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, कपडे नीट, बोलणं हळू. गाडीखाली रंगनाथचे पाय दिसत होते. तो बाहेर येईपर्यंत शेखर थांबला.

"तुम्ही काय करताय ते ताईनं सांगितलं," शेखर म्हणाला. "एक गोष्ट तिनं सांगितली नसेल. मागच्या महिन्यात त्र्यंबक नाक्यावर तिचा पाय क्लचवरून सटकला. गाडी गिअरमध्ये होती, उसळली, पेरूची हातगाडी उलटी केली. पेरूवाला पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला."

रंगनाथला हे माहीत नव्हतं.

"तुम्ही नाही म्हणालात तर ती दुसऱ्याकडे जाईल. कोणीतरी काहीतरी जोडून देईल. म्हणून नाही म्हणू नका. फक्त वेळ लावा. पार्ट मिळत नाही म्हणा. दोन-तीन महिन्यांत तिला स्वतःलाच कळेल." शेखरनं गाडीच्या टपावर हात ठेवला. "मला बहीण घाटात शोधायला जायचं नाहीये, रंगनाथराव."

"पाय सटकला तो पेडल जड होतं म्हणून," रंगनाथ म्हणाला. "हलकं झालं तर सटकणार नाही."

"तुम्ही खात्री देता?"

घाट रंगनाथच्या डोळ्यांसमोर आला. एका बाजूला दरी, समोरून उतरणारे ट्रक. बसवलेलं काम आपलं असणार, आणि उद्या काही झालं तर लोक पहिल्यांदा आपल्याच दारात येणार, हेही त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, "बघतो."

पाच फेब्रुवारीला सीलांचं पाकीट आलं. त्यानं ते उघडलं, सीलं बोटांनी दाबून पाहिली, बरोबर मापाची होती. मग पाकीट खणात ठेवलं आणि खण बंद केला.

मोहिनी दर आठवड्याला यायची. आधी नुसती, मग काठी घेऊन, मग रिक्षावाल्याचा हात धरून. गॅरेजमधल्या बाकावर बसायची.

"आलं का सील?"

"नाही, ताई. जुनं माप आहे. शोधतायत."

"बारा झाले आज," ती सांगायची. पुढच्या वेळी साडेअकरा. मग साडेदहा. तक्रार नसायची. चिमणाबाईनं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला होता की लोक विचारतात, चष्मेवाली बाई कुठं गेली. अकरा जणांचे चष्मे बनून दुकानात पडले होते. त्यातली एक म्हातारी सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून गोधड्या शिवायची बंद झाली होती. मोहिनीनं तिला भिंगाखाली सुई दाखवली तेव्हा ती हसायलाच लागली होती. हे ऐकताना रंगनाथ दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा नट घट्ट करत राहायचा.

एकदा त्यानं शेखरला गल्लीतल्या एका दुकानातून फोन लावला. "आता बसवू का?" म्हणून विचारलं. शेखर म्हणाला, "अजून थोडं थांबा." आणि रंगनाथ थांबला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती आली तेव्हा रिक्षावाल्यानं तिला जवळजवळ उचलूनच बाकावर बसवलं.

"आठ," ती म्हणाली. "तुमचं पाचचं असेल तर अजून जागा आहे. पण फार नाही."

ती गेल्यावर रंगनाथनं हातातलं काम टाकलं आणि खण उघडला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यानं दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. दोन्ही सिलिंडरांत सीलं चढवली, जागेवर बसवले, नळ्या जोडल्या, तेल भरलं. आता नळीत अडकलेली हवा काढायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात. त्यानं सिंधुबाईला हाक मारली. ती कणकेचे हात धुऊन आली आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

"दाब," तो गाडीखालून म्हणाला. "धरून ठेव. आता सोड."

खालच्या सिलिंडरच्या तोंडाशी लावलेल्या नळीतून बुडबुडे आले. पुन्हा दाब, पुन्हा सोड. वीसेक वेळा. मग नुसतं तेल यायला लागलं.

"किती हलकं आहे हो," सिंधुबाई म्हणाली. "माझ्या शिलाई मशीनसारखं."

पहिल्या चाचणीत गिअर खरखरला. क्लच पुरता सुटत नव्हता. त्यानं खालच्या दांड्याला बोटभर आत नवं भोक पाडलं, पुन्हा जोडलं, पुन्हा हवा काढली. आता गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. काटा लावून मोजलं, साडेपाच किलो. इतकं चांगलं काम आयुष्यात आपण केलं नाही, हे त्याला कळत होतं, आणि आनंद मात्र होत नव्हता.

पसारा आवरताना सिंधुबाईच्या हाती पाकीट आलं. तिनं त्यावरचा शिक्का वाचला.

"हे तर फेब्रुवारीत आलेलं आहे."

रंगनाथनं पाना पुसून पेटीत टाकला.

"मी चहा दिलाय तिला इथं बाकावर," ती म्हणाली. "दर वेळी. आणि तुम्ही नाही आलं म्हणून सांगत होता?"

"भाऊ आहे तिचा. त्याला भीती वाटत होती."

"आणि तुम्हाला?"

ती पाकीट टेबलावर ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिनी आली. रंगनाथ आणि रिक्षावाला, दोघांनी मिळून तिला गाडीत बसवलं. डावा पाय तिनं दोन्ही हातांनी उचलून पेडलवर ठेवला. मग दाबला. पेडल अलगद खाली गेलं.

तिच्या चेहऱ्याकडे पाहून रंगनाथला क्षणभर वाटलं, जमलं. वेळेत जमलं.

"चालू करू?"

"करा, ताई. मी शेजारी बसतो."

तिनं पहिला गिअर टाकला. "आता सोडा हळूहळू," तो म्हणाला.

गाडी जागची हलली नाही. ती समोर बघत होती. कपाळावर घाम आला होता. पेडल खालीच होतं. रंगनाथनं वाकून पाहिलं. तिचा पाय पेडलवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडला होता. दाबायची ताकद मांडीत अजून होती, पण पाय वर घ्यायची उरली नव्हती. जुन्या जड पेडलनं तो पाय स्वतःच वर ढकलला असता. हे पेडल हलकं होतं. ते एका मेलेल्या पायाचं वजन उचलू शकत नव्हतं.

"थांबा," तो म्हणाला. "स्प्रिंग लावतो. परत आणणारी."

त्यानं एक स्प्रिंग लावली, पाय वर आला नाही. दुसरी लावली, थोडा आला. तिसरी जाड लावली तेव्हा पेडलनं पाय वर आणला. पण आता तेच पेडल दाबायला साडेनऊ किलो लागत होते आणि तिच्याकडे आठसुद्धा नव्हते. पायानं तिनं तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा हातांनी गुडघा दाबून पाहिला. मधल्या मापाची स्प्रिंग त्यानं शोधली, वाकवून बनवून पाहिली. दुपार झाली. अशी एकही स्प्रिंग नव्हती जी तिचा पाय उचलेल आणि तिला दाबताही येईल.

"फेब्रुवारीत झालं असतं," मोहिनी म्हणाली. "साडेअकरा होते तेव्हा. आणि पाय उचलताही येत होता." ती सहज बोलली होती, हिशेब जुळवावा तशी. मग तिची नजर टेबलावरच्या पाकिटावर गेली. चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलेली बाई. बारीक अक्षर तिला लांबूनही वाचता यायचं.

"कधी आलं सील?"

खोटं बोलायला अजूनही वाव होता. रंगनाथ म्हणाला, "पाच फेब्रुवारीला."

"शेखरनं सांगितलं होतं?"

"सांगितलं त्यांनी. ठेवलं मी."

तिनं दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. गल्लीतून भाजीचा टेम्पो गेला. सिंधुबाई दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

"दोन महिने," मोहिनी म्हणाली. "आठ-नऊ बाजार झाले असते." रागानं बोलली असती तर त्याला सोसलं असतं. "आता तुम्हीच न्या मला. परवा बाजार आहे. चष्मे द्यायचे आहेत."

बाजाराच्या दिवशी रंगनाथनं गाडी काढली. ती शेजारी बसली, मांडीवर चष्म्यांचा डबा. घाटात क्लच इतका हलका चालत होता की त्याला प्रत्येक वळणाला लाज वाटत होती. ती वाटेत एकदाच बोलली. "चांगलं केलंय काम."

हरसूलला चिमणाबाईनं लांबूनच गाडी ओळखली आणि पळत आली. रंगनाथ मोहिनीला उचलून छपराखाली आणत होता, ते ती पाहतच राहिली.

"आवो बाई, हे काय झालं तुमचं?"

"पाय गेले. बाकीचं बोलू नंतर. लोकांना बोलावता का? चष्मे आणलेत."

चिमणाबाईनं डोकं खाली घातलं. "आता कुठले लोक. समदी गेली बिगारीला. कोन द्राक्षाच्या मळ्यात, कोन वीटभट्टीवर. पंधरा दिस झाले. मार्चात आला असता तर समदी होती. लय वाट बघितली त्यांनी."

अकरांपैकी तिघं निघाली. गोधडीवाल्या म्हातारीलाही मुलानं बरोबर नेलं होतं, नातवंडं सांभाळायला. तिघांना मोहिनीनं चष्मे दिले. एकानं नव्यानं डोळे तपासायला सांगितलं. तिनं भिंग उचललं, पण ते चाचणीच्या फ्रेममध्ये बसवताना तिची बोटं थरथरली आणि भिंग खाली मातीत पडलं. रंगनाथनं उचलून पुसून दिलं. दुसऱ्यांदाही पडलं. मग तिनं पेटी बंद केली.

"पुढच्या बाजाराला येनार का?" चिमणाबाईनं विचारलं.

"नाही येणार आता."

"मंग आमचं कोन बघल?"

"माहीत नाही, चिमणाबाई," मोहिनी म्हणाली.

त्यानंतर ती गॅरेजवर आली नाही. शेखरचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. नंतर कधीतरी रंगनाथ कुलथ्यांच्या घरावरून जात होता. गाडी बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती, टायर बसलेले. शेखर फाटकात भेटला. "तुमचे उपकार आहेत," म्हणाला. "तुम्ही ऐकलंत म्हणून ताई आज आहे." रंगनाथनं हात जोडले आणि निघून आला. यात खोटं असं काहीच नव्हतं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

जुलैत मोहिनीचा निरोप आला. तिचे हात गेले होते, पण बोलता येत होतं. उरलेले आठ चष्मे हरसूलला पोचवायचे होते. आवणीला, भाताची रोपं लावायला, लोक गावी परत येतात.

रंगनाथ एसटीनं गेला. चिमणाबाईनं माणसं गोळा केली. आठांतली पाच आली. एकाचा नंबर तोवर बदलला होता. त्यानं चष्मा लावला, काढला आणि परत दिला. गोधडीवाली आली नाही. वीटभट्टीवर तापानं गेली, असं तिच्या सुनेनं सांगितलं. तिचा चष्मा सुनेनं मागून घेतला, घरात असू दे म्हणून.

चष्मे वाटून झाल्यावर पाहिलं तर छपराबाहेर आणखी दहा-बारा माणसं उभी होती. चष्मेवाली बाई आली, असं कोणीतरी बाजारात सांगितलं होतं. एक मध्यम वयाची बाई पुढं येऊन बाकावर बसली आणि तिनं आपण होऊनच एक डोळा तळव्यानं झाकला.

"मी मिस्त्री आहे, बाई," रंगनाथ म्हणाला. "गाड्यांचा. मला यातलं येत नाही."

तिला वाटलं, त्यानं दुसरा डोळा झाकायला सांगितलं. तिनं हात बदलला आणि समोर बघत बसून राहिली. शेवटी चिमणाबाईनं तिला दंडाला धरून उठवलं.

परतल्यावर तो मोहिनीकडे गेला. ती खिडकीजवळच्या पलंगावर होती, मान उशांवर टेकवलेली. आवाज जाडसर झाला होता, नीट कान देऊन ऐकावं लागत होतं. त्यानं सगळ्यांची नावं सांगितली. म्हातारीचं सांगितलं नाही. चष्मा घरी पोचला, एवढंच म्हणाला.

"आणि नवीन कोणी आलं होतं? तपासायला?"

रंगनाथनं खिडकीबाहेर पाहिलं.

"नाही, ताई," तो म्हणाला. "कोणी नव्हतं."

तिनं डोळे मिटले. त्याला वाटलं झोपली. पण थोड्या वेळानं ती म्हणाली, "पावसाचे दिवस आहेत. आवणी सोडून कोण येणार."

तो आणखी थोडा वेळ बसला, मग तिला पाणी पाजायला बाई आली तेव्हा उठला.